‘विचारलंच नाही’ हेही एक उत्तर

प्रश्न : माझी थोरली बहीण न्यू जर्सीत भाच्याकडे असते. म्हणजे असायची. घरात पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून ती तिथल्या एका नर्सिंग होममध्ये आहे. ऑक्टोबर लागला की भाच्याला तिथून फोन येतो, मागून कागद येतो. फ्लूची लस द्यायची का? माहितीपत्रक वाचलं का? गेल्या वर्षी ताईने स्वतःच ‘नको’ म्हटलं, तर त्या ‘नको’चीही रीतसर नोंद झाली. आणि यंदा पुन्हा विचारायला हजर! लस द्यायची तर द्या, नाही तर सोडा. एका सुईपायी एवढी लिखापढी कशासाठी? उद्या काही झालं तर अंग काढून घ्यायची ही सोय तर नव्हे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमची शंका खोटी नाही. अंग काढून घेण्याचा भाग त्यात आहेच. प्रकरण कोर्टात गेलं तर पुढे करायला कागद हवा, ही काळजी तिथे प्रत्येक संस्थेला असते. पण ताईंच्या फायलीतला हा विशिष्ट कागद संस्थेच्या वकिलाने काढलेला नाही. तो तिथल्या केंद्र सरकारने संस्थेच्या गळ्यात घातलेला आहे, आणि नीट वाचला तर तो संस्थेला वाचवण्यापेक्षा पकडण्यासाठीच जास्त आहे.

इतर वाचकांसाठी आधी एक खुलासा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण, अपेंडिक्स, चार दिवसांत घरी असं चित्र उभं राहतं. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे चोवीस तास नर्स असलेलं, माणूस महिनोन्‌महिने, कित्येकदा अखेरपर्यंत राहतो असं ठिकाण. अशी सुमारे 15 हजार ठिकाणं तिथे आहेत आणि त्यांत 12 लाखांच्या आसपास माणसं राहतात. दहांतल्या सहा जणांचा खर्च मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना उचलते. आयुष्यभराची पुंजी या खर्चात संपल्यावर मध्यमवर्गीय माणूसही तिच्याच आसऱ्याला येतो. पैसा सरकारचा, म्हणून अटीही सरकारच्या. मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड चालवणारं जे केंद्रीय खातं आहे, सीएमएस, त्याने ऑक्टोबर 2005 मध्ये ही अट घातली : फ्लू आणि न्यूमोकोकल न्यूमोनिया या दोन लसी प्रत्येक रहिवाशापुढे ठेवायच्या. 2021 मध्ये तिसरी, कोविडची, जोडली गेली आणि 2023 मध्ये ती कायम झाली.

अट लस ‘देण्याची’ नाही, हे आधी ध्यानात घ्या. अट विचारण्याची आहे. विचारण्याआधी त्या माणसाला, किंवा त्याला समजत नसेल तर त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याला, लसीचा फायदा काय आणि त्रास काय होऊ शकतो हे सांगायचं. मग विचारायचं. हो म्हटलं तर टोचायचं, नको म्हटलं तर थांबायचं. आणि सांगितलं, विचारलं, पुढे काय झालं, हे सगळं त्याच्या वैद्यकीय दप्तरात लिहायचं. फ्लूसाठी ही मुदत 1 ऑक्टोबर ते 31 मार्च अशी आहे. म्हणून जानेवारीत नव्याने दाखल झालेल्या आजोबांनाही विचारावं लागतं. ‘आमची लस दिवाळीतच टोचून झाली’ हे कारण चालत नाही.

आता तो कागद जरा जवळून पाहू. प्रत्येक रहिवाशाचा एक लांबलचक सरकारी फॉर्म असतो, एमडीएस नावाचा. दाखल होताना, मग दर तीन महिन्यांनी, मग वर्षाने असा तो भरला जातो. जेवण, चालणं, लघवीवरचा ताबा, मनःस्थिती, सगळं त्यात आकड्यांत लिहायचं. त्यात ‘ओ’ विभागात फ्लूचा रकाना आहे. पहिला प्रश्न : या हंगामाची लस इथे दिली का? दिली असेल तर तारीख. दिली नसेल तर का नाही, ते एका आकड्यात. 1 म्हणजे हंगामात ही व्यक्ती इथे नव्हतीच. 2 म्हणजे बाहेर कुठे तरी घेऊन आली. 3 म्हणजे वैद्यकीय कारणाने देता येत नाही. 4 म्हणजे विचारलं, नको म्हणाली. 6 म्हणजे लसीचा जाहीर तुटवडा होता. हा सहावा आकडा हवेतून आलेला नाही. ऑक्टोबर 2004 मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या एका कारखान्याचा परवाना तिथल्या औषध नियंत्रकांनी रोखला आणि अमेरिकेला त्या हिवाळ्यात मिळायची होती त्यातली जवळजवळ निम्मी लस एका दिवसात गेली. म्हातारी माणसं पहाटेपासून रांगेत उभी राहिल्याच्या बातम्या तेव्हा अमेरिकी वर्तमानपत्रांत रोज येत होत्या.

मधला 5 मी मुद्दाम शेवटी ठेवला. 5 म्हणजे ‘विचारलंच नाही’.

सरकारी फॉर्ममध्ये हे उत्तर छापलेलं असणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्या ओळखीच्या बहुतेक फॉर्मांत दोनच चौकटी असतात, हो आणि नाही. लस न घेतलेली सगळी माणसं त्या ‘नाही’त जाऊन पडतात. ज्या आजीने विचार करून नको म्हटलं ती, आणि जिच्या खोलीत त्या दिवशी कुणी फिरकलंच नाही तीही. बाहेरून बघणाऱ्याला दोघी सारख्याच दिसतात. इथे तसं करता येत नाही. नर्सला 4 किंवा 5 यातला एक आकडा निवडावा लागतो, आणि 4 लिहायचा तर मागे ‘अमुक तारखेला माहिती दिली, अमक्याने नकार दिला’ अशी नोंद असावी लागते. तुमच्या ताईंच्या ‘नको’चा कागद झाला तो एवढ्यासाठी. तो नसता तर त्यांचं ‘नको’ आणि संस्थेचा विसराळूपणा यांत फरक करायला काही साधनच उरलं नसतं.

आणि हे तपासायला माणसं येतात. राज्याचं तपासणी पथक न सांगता येतं, दोन तपासण्यांमध्ये 15 महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नसतं. बाकी शंभर गोष्टींबरोबर ते पाच रहिवाशांची दप्तरं काढून फक्त लसीच्या नोंदी बघतं. माहिती दिल्याची नोंद नाही, नकार आहे पण तारीख नाही, असं सापडलं की संस्थेच्या नावावर दोष लागतो आणि तो जाहीर होतो. कुणाही मुलाला, सुनेला घरबसल्या तो वाचता येतो.

ही व्यवस्था आली कशातून, हे कळायला 1996 च्या फेब्रुवारीत ओक्लाहोमातल्या एका खेडेगावात जावं लागेल. तिथल्या नर्सिंग होममध्ये 84 माणसं राहत होती. त्यांतल्या 11 जणांना न्यूमोनिया झाला, तिघं दगावली. जंतू न्यूमोकोकस, तोही पेनिसिलिनसकट अनेक औषधांना न जुमानणारा. तपास करणाऱ्यांनी बाकीच्यांच्या नाकातले नमुने घेतले, तर आजारी नसलेल्यांतही तो जंतू पसरलेला. या जंतूवरची 23 प्रकारांची लस 1983 पासून बाजारात होती आणि साथ आणणारा प्रकार त्या तेवीसांतलाच होता. मेडिकेअर तिचे पैसे 1981 पासून, म्हणजे आधीची 14 प्रकारांची लस होती तेव्हापासून देत होतं. तरी त्या घरात लस घेतलेली माणसं होती जेमतेम चार टक्के. मग सर्वांना लस आणि प्रतिजैविकं दिली, आणि न्यूमोनियाचा पुढचा रुग्ण आला नाही.

लस होती, पैसे होते, विरोध करायला कुणी उभं नव्हतं. अशा ठिकाणी बहुतेकदा एवढंच घडतं की हे काम कुणाचंच नसतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, त्यांना वाटणार नर्सने बघितलं असेल. नर्सला वाटणार डॉक्टरांची चिठ्ठी नाही, आपण कसं द्यायचं? यातली चिठ्ठीची अडचण सीएमएसने 2002 मध्ये दूर केली. या दोन लसींसाठी प्रत्येक रहिवाशामागे डॉक्टरांची वेगळी सही लागणार नाही, संस्थेने एकदा वैद्यकीय धोरण ठरवलं की नर्सने लस न देण्याचं वैद्यकीय कारण नाही ना, ते तपासून ती टोचावी. तीन वर्षांनी विचारण्याची सक्ती आली. आधी वाट मोकळी केली, मग चालायला लावलं, हा क्रम चांगला होता.

नर्सिंग होममध्येच एवढा आग्रह का, तेही सांगतो. एकच मदतनीस बाई सकाळी आठ-दहा जणांना उठवते, धुते, भरवते. जेवण एका दालनात. फ्लू आत आला की तो फिरायला त्याला वेगळी वाट शोधावी लागत नाही. शिवाय ऐंशीच्या पुढच्या माणसाचा फ्लू ओळखू येत नाही. ताप चढेलच असं नाही. आजी दोन दिवस जेवली नाही, जरा भ्रमल्यासारखी बोलते, काल पलंगावरून उतरताना पडली, एवढंच दिसतं. म्हणून तिथला नियम असा की 72 तासांत दोन जण आजारी पडले आणि एकाची तपासणी फ्लू दाखवते आहे, तर साथ आली असं धरायचं. मग त्या मजल्यावरच्या धडधाकट माणसांनाही फ्लूवरचं औषध किमान दोन आठवडे द्यायचं, लस घेतली असो वा नसो. आणि त्याच दिवशी यादी काढायची : लस न घेतलेले कोण, त्यांना आता पुन्हा विचारा. ही यादी दप्तर नीट असेल तर पाच मिनिटांत निघते, नसेल तर नर्सचा अख्खा दिवस फोनवर जातो.

यंदा पुन्हा का विचारलं, याचं उत्तर तसं सोपं आहे. फ्लूची लस दरवर्षी नवी असते. जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी विषाणूंचे प्रकार सुचवते, त्यानुसार लस बनते. 2024 च्या हंगामापासून तर लसीतला चौथा घटकच काढून टाकला, कारण ‘बी’ गटातला यामागाटा नावाचा वंश मार्च 2020 नंतर जगात कुठे दिसलाच नाही. कोविडच्या टाळेबंदीत तो बहुधा नामशेष झाला. लस नवी, हंगाम नवा, म्हणून प्रश्नही नवा. गेल्या वर्षीचं ‘नको’ गेल्या वर्षापुरतं. ताईंच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी एकदा नकार दिला म्हणून कुणी त्यांना कायमचं यादीतून काढून टाकत नाही.

‘नको’ म्हणायचा हक्कही तिथे सहज मिळालेला नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकी नर्सिंग होमांची अवस्था इतकी वाईट होती की माणसं पलंगाला, खुर्चीला बांधून ठेवली जात, गप्प बसावीत म्हणून औषधं दिली जात. 1987 मध्ये संसदेने कायदा केला. त्यात रहिवाशांचे हक्क लिहिले, त्यांतला एक उपचार नाकारण्याचा. वर सांगितलेला तो लांबलचक फॉर्मही याच कायद्याचं अपत्य. म्हणजे लस विचारलीच पाहिजे आणि नकार ऐकलाच पाहिजे, या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत बसवायच्या होत्या.

त्या कशा बसवल्या, यात एक मेख आहे. नर्सिंग होमचं लसीबाबतचं सरकारी गुणमापन होतं, तेव्हा ‘लस दिली’, ‘देता येत नाही’ आणि ‘विचारलं पण नको म्हणाले’ हे तिन्ही संस्थेच्या बाजूने धरतात. दोष लागतो तो न विचारण्याचा. मला हे तत्त्व पटतं. नकार संस्थेच्या खात्यावर वजा पडला असता तर टक्केवारी वाढवण्यासाठी नव्वदीतल्या आजींवर काय काय दबाव आला असता, ते सांगायला नको. पण याच फटीतून आळसही आत शिरतो. दारात उभं राहून ‘लस नकोय ना तुम्हाला?’ असं विचारलं, आजींनी मान हलवली, की झाला 4 आकडा. कागद स्वच्छ, तपासणीत पास. तेच एखादी नर्स खुर्ची ओढून बसते, ‘आज आपल्या मजल्यावर फ्लूची लस आहे, कुठल्या हातावर देऊ?’ असं म्हणते आणि शंका असेल तर ऐकून घेते, तेव्हा होकार कितीतरी जास्त मिळतात. दोन्ही संस्थांचा गुण मात्र सारखाच येऊ शकतो. कागद एवढंच सांगतो की विचारलं. कसं विचारलं ते तो सांगत नाही. ते बघायला घरच्या माणसाने जावं लागतं.

इथे तुमच्या भाच्याला एक गोष्ट सांगा. आईला मराठीत विचारलं गेलं का, ते त्याने बघावं. आपल्या प्रकृतीबद्दलची माहिती आपल्याला कळेल त्या भाषेत मिळणं हा तिथे रहिवाशाचा हक्क आहे. न्यू जर्सीत भारतीयांची वस्ती दाट, काही नर्सिंग होमांत भारतीयांसाठी वेगळे विभाग, वरण-भात, देवघरसुद्धा असतं. पण रात्रपाळीच्या नर्सला मराठी येईल कशाला? तिथे रहिवाशाची समज तपासायची एक छोटी चाचणी असते. तीन शब्द सांगतात, मोजा, निळा, पलंग, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला लावतात; वर्ष, महिना, वार विचारतात. पंधरापैकी गुण. हे इंग्रजीत विचारलं तर आयुष्य सांगलीत काढलेली शहाणीसुरती बाई ‘समज कमी’ ठरू शकते, आणि मग तिच्याऐवजी परस्पर मुलाला फोन जातो. फोन भाच्याला आला म्हणून ताईंना विचारायचं राहिलं, असं होऊ नये. त्यांना कळत असेल तर हो-नको त्यांचं.

टोचल्यानंतरच्या नोंदीत तारीख, कंपनी, बॅच नंबर, टोचणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि माहितीपत्रकाच्या कितव्या आवृत्तीची प्रत दिली, एवढं लिहावं लागतं. ही अट बहुतेक लसींना लागू आहे आणि ती 1986 च्या, मुळात मुलांच्या लसींसाठी झालेल्या कायद्यातून आली. बॅच नंबर कशाला, तर एखाद्या बॅचमध्ये खोट निघाली तर ती कुणाकुणाला गेली ते शोधता यावं म्हणून. लस टोचल्यानंतरही लक्ष ठेवावं लागतं, हा धडा महाग पडलेला आहे. 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईघाईने लस टोचली. साथ आलीच नाही, पण गियाँ-बारे नावाचा, स्नायू लुळे करणारा आजार लस घेतलेल्यांत थोडा जास्त दिसू लागला, लाखात एक अशा प्रमाणात. डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. आजही कुणाला फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत हा आजार होऊन गेला असेल तर पुन्हा देताना विचार करतात. आधीच्या डोसाची गंभीर ॲलर्जी असेल तर तीच लस देत नाहीत. अंड्याची ॲलर्जी मात्र आता आड येत नाही.

प्रश्न : एवढं करून त्या वयात लस काम तरी करते का? माझे डॉक्टर मित्र म्हणतात, म्हाताऱ्या शरीरात लस ‘धरत’ नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचे मित्र निम्मे बरोबर आहेत. वयाबरोबर प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद मंदावतो आणि फ्लूची लस एरवीही काही अभेद्य ढाल नाही. विषाणूशी तिचा मेळ बसला त्या वर्षी बरी, नाही बसला त्या वर्षी सुमार. यावर उपाय म्हणून 2009 च्या अखेरीस अमेरिकेत 65 च्या पुढच्यांसाठी चौपट मात्रेची लस आली. नेहमीच्या लसीत प्रत्येक प्रकाराचे 15 मायक्रोग्रॅम, हिच्यात 60. तिची परीक्षा थेट नर्सिंग होममध्येच झाली. 2013-14 च्या हंगामात 823 नर्सिंग होमांचे दोन गट केले, एका गटाला साधी मात्रा, दुसऱ्याला जास्त. जास्त मात्रेच्या गटात श्वसनाच्या आजाराने रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण साधारण तेरा टक्क्यांनी कमी निघालं. तेरा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ऐंशी-नव्वदीच्या माणसाची रुग्णालयाची एक वारी म्हणजे आठ दिवस पलंगावर, पायांतली ताकद गेलेली, परत येताना चालता न येणं. 2022 पासून तिथल्या लसीकरणविषयक सल्लागार समितीची 65 च्या पुढच्यांसाठी पसंती अशा जोरदार लसींनाच आहे.

आणि म्हाताऱ्यांना लस धरत नसेल तर सभोवतालच्यांना द्या, हा युक्तिवादही जुना आहे. ग्लासगोकडच्या 12 दीर्घकालीन रुग्णालयांत नव्वदच्या दशकात एक अभ्यास झाला. जिथे कर्मचाऱ्यांना फ्लूची लस दिली तिथे रुग्णांतले मृत्यू 10 टक्के, जिथे नाही तिथे 17. हे आकडे खूप वर्षं सगळीकडे सांगितले गेले. पुढे असे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनी पुरावा कच्चा ठरवला. एवढा मोठा फरक एकट्या फ्लूने पडेल, हेच त्यांना पटेना. मलाही सतरावरून दहा जरा जास्तच गोड वाटतं. तरी ज्या मदतनीस बाईच्या हातून आपली आई घास घेते तिने लस घेतलेली असावी, एवढं मला कुठल्याही अभ्यासाशिवाय वाटतं. अमेरिकेत नर्सिंग होमच्या कर्मचाऱ्यांवर कोविडच्या लसीची केंद्रीय सक्ती नोव्हेंबर 2021 मध्ये आली आणि 2023 मध्ये उठली. फ्लूबाबत राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम आहेत.

प्रश्न : आपल्याकडच्या वृद्धाश्रमांत असं काही आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा मुलांकडून निर्वाह मिळण्याबद्दल, वृद्धाश्रम उभारण्याबद्दल, रुग्णालयांतल्या सोयींबद्दल बोलतो. वृद्धाश्रमाने दरवर्षी लसीचं विचारावं आणि उत्तर लिहून ठेवावं, अशी सक्ती त्यात नाही. आपला सरकारी लसीकरण कार्यक्रम मुख्यतः बाळं आणि गरोदर बायकांचा, फ्लूची लस बहुतेकांना विकतच घ्यावी लागते.

पण अमेरिकेचा ऑक्टोबर आपल्याकडे उचलून आणू नका. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, जुलै ते सप्टेंबर. 2009 साली ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने जो हाहाकार उडवला तो पुणेकरांना आठवत असेल. शाळा बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा. त्यामुळे आपल्याकडे लस घ्यायची ती एप्रिल-मेमध्ये, नवी लस बाजारात आली की. एखाद्या आश्रमाने मनावर घेतलं तर कायद्याची वाट बघायची गरज नाही. एक वही पुरते. डावीकडे नाव, मग विचारल्याची तारीख, कोणी विचारलं, उत्तर काय, दिली असेल तर लसीचं नाव आणि बॅच नंबर. उत्तराच्या रकान्यात ‘नको’ चालेल. रकाना कोरा मात्र ठेवायचा नाही. व्यवस्थापकांनी मे अखेरीस फक्त कोरे रकाने मोजायचे.

प्रश्न : माझे सासरे पुढच्या महिन्यात टेक्सासला दिराकडे कायमचे जात आहेत. त्यांनी इथे न्यूमोनियाची लस घेतली आहे. तिथे ती धरतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : धरतात, लेखी आणि तारखेसह पुरावा असेल तर. बाहेरच्या देशात घेतलेली लस केवळ बाहेरची म्हणून ते नाकारत नाहीत. पण ‘न्यूमोनियाची लस दिली’ एवढं प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहिलेलं असेल तर त्याचा उपयोग शून्य, कारण या नावाखाली बऱ्याच लसी येतात. जुनी 23 प्रकारांची वेगळी. तिच्यानंतर आलेली 13 प्रकारांची वेगळी. अमेरिकेत आता 20 आणि 21 प्रकारांच्या लसी आहेत, त्यांतली एक मोठेपणी एकदा घेतली की काम संपतं. आधी काय घेतलं आणि केव्हा, यावर आता काय द्यायचं आणि किती दिवसांनी, हे सगळं ठरतं. नर्सिंग होममध्ये सर्वांत जास्त घोळ होतो तो याच लसीचा. माणूस रुग्णालयातून रात्री दहाला येतो, सोबत औषधांची यादी असते, लसीचा कागद नसतो, आणि मुलगा सांगतो ‘बहुतेक दिली होती’. मग सकाळी नर्स आधी राज्याच्या लसीकरण नोंदणीत शोधते, तिथे नसेल तर जुन्या डॉक्टरांकडे फोन. तुमच्या सासऱ्यांचे जुने डॉक्टर ठाण्यात, तेव्हा तिकडे रात्र.

तेव्हा जाण्याआधी ज्या दवाखान्यात लस घेतली तिथे जा. त्यांच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, सासऱ्यांचं पासपोर्टवर आहे तसंच नाव, जन्मतारीख, लसीचं कंपनीने दिलेलं नाव, तारीख, बॅच नंबर आणि डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. तारीख लिहिताना महिना अक्षरी लिहायला सांगा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे आपला 5 मार्च तिथे 3 मे होऊन बसतो. बॅच नंबर त्यांच्याकडे नसेल तर ज्या मेडिकलमधून लस आणली त्याच्या बिलावर तो बहुधा असतो. एक प्रत दिराच्या फोनमध्ये, एक सासऱ्यांच्या हातातल्या पिशवीत. चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.